वादळापूर्वीचे दोन दिवस

क्यूबा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर १३ सप्टेंबर १८७५ रोजी एक प्रचंड चक्रीवादळ आले. त्या किनाऱ्याला वादळे नवीन नव्हती. नवीन होते ते इतकेच की, हे वादळ येणार असल्याचे लोकांना आधी कळले होते. दोन दिवस अगोदर, म्हणजे ११ सप्टेंबरला, त्याची वार्ता हवाना शहरातील वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली होती. ती देणारे गृहस्थ कोणी सरकारी अधिकारी नव्हते की आरमारातले कप्तान नव्हते. ते होते बेलेन महाविद्यालयाच्या वेधशाळेचे संचालक, येशूसंघीय धर्मगुरू फादर बेनितो विन्येस. त्या समुद्रावरील वादळाचे आगाऊ भाकीत छापून लोकांपुढे ठेवल्याचा हा पहिला प्रसंग मानला जातो. त्यामुळे अनेकांचे प्राण वाचले.

या दोन दिवसांचे मोल समजण्यासाठी त्या किनाऱ्यावरच्या घराचा विचार करावा लागतो.

आपल्याकडे आगोटीच्या सुमारास घर शाकारतात, फुटकी कौले बदलतात, ओटीच्या कडेला झापा बांधतात, सरपण आणि सुकी मासळी माळ्यावर चढवतात. ही तयारी पावसाळ्याची असते. पाऊस आठवडाभर पुढेमागे झाला तरी येतो खात्रीने, आणि येणार म्हणून माणूस वेळेवर कामाला लागतो. अटलांटिक महासागराच्या पश्चिम भागातील चक्रीवादळांचा हंगाम मात्र १ जून ते ३० नोव्हेंबर असा सहा महिन्यांचा असतो, आणि त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर हे महिने अधिक घातक असतात. एखाद्या गावावर दहा वर्षांत एकही वादळ येत नाही, तर एखाद्यावर एकाच महिन्यात दोन येतात. सहा महिने खिडक्यांना फळ्या ठोकून कोणी राहू शकत नाही. होड्या किनाऱ्यावर ओढून, गुरे डोंगरावर नेऊन सहा महिने बसून राहिले तर पोट कसे भरावे? त्यामुळे फळ्या, खिळे, दोरखंड आणि दारांचे अडसर घरात असूनही ते नेमके कोणत्या दिवशी बाहेर काढावेत, हे ज्याला ठाऊक नाही त्याचे घर तयार नसतेच.

त्या बेटांच्या मूळ रहिवाशांनी, तायनो लोकांनी, या अडचणीवर आपल्या परीने उत्तर शोधले होते. ज्या शब्दावरून 'हरिकेन' हा शब्द जगभर गेला तो 'हुराकान' हा शब्द त्यांच्याच भाषेतून स्पॅनिश लोकांनी उचलला. त्यांची राहती घरे काठ्यांची आणि ताडपत्रांनी शाकारलेली असत. ती उडाली तर पुन्हा बांधायला फार काळ लागत नसे. त्यांच्याकडून क्यूबाच्या शेतकऱ्यांकडे आलेली एक बांधणी आजही तेथील खेड्यांत आढळते. तिला 'वारा एन तिएरा' म्हणतात. (स्पॅनिश भाषेत 'वारा' म्हणजे काठी, आपला वारा नव्हे. तरी योगायोग गमतीचा आहे.) काठ्यांची टोके जमिनीत रोवून वर एकत्र बांधायची आणि दोन्ही बाजूंचे छप्पर थेट जमिनीला टेकवायचे. या खोपीला उभी भिंत नाही, वळचण नाही, वाऱ्याने हात घालावा असा कोपरा नाही. एरवी तिच्यात पीक आणि अवजारे ठेवतात. वादळ आले की राहते घर सोडून सारे कुटुंब तिच्यात वाकून बसते.

या खोपीतले शहाणपण समजायला थोडे पदार्थविज्ञान पुरेसे आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. शिवाय छपरावरून धावणारा वारा छप्पर खाली दाबतोच असे नाही, पुष्कळदा तो ते वर खेचतो. एखादी खिडकी फुटून वारा आत शिरला की आतून ढकलले जाते आणि वरून ओढले जाते, असे दुहेरी बळ छपरावर येते. छप्पर गेल्यावर भिंतींना वरून धरून ठेवणारे काही उरत नाही. आपले कौलारू छप्पर पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी रचलेले असते आणि कौले आपल्या वजनावर बसलेली असतात. वर उचलणाऱ्या वाऱ्याचा विचार त्या रचनेत फारसा नाही. म्हणून किनाऱ्यावरचे जाणते सुतार आढे, वासे आणि खांब एकमेकांस जखडण्यावर भर देतात आणि खिडक्यांना बाहेरून फळ्या ठोकतात. खिडकीच्या फळीने वाचते ते छप्पर.

वादळाचा दुसरा डाव अधिक कपटी असतो. वादळाचा मध्यभाग, ज्याला डोळा म्हणतात, गावावरून जाऊ लागला की वारा एकाएकी पडतो. कधी निळे आकाशही दिसते. संकट टळले असे समजून माणसे बाहेर येतात, उडालेली भांडी गोळा करतात, शेजाऱ्याची चौकशी करतात. मग उलट दिशेने तेवढाच प्रचंड वारा सुटतो. पहिल्या वाऱ्याने खिळखिळे केलेले घर दुसऱ्या बाजूच्या माऱ्याने कोसळते. किती माणसे त्या फसव्या शांततेत दगावली असतील याची मोजदाद नाही.

फादर विन्येस यांचा जन्म १८३७ साली स्पेनमधील कातालोनिया प्रांतातल्या पोबोलेदा या गावी झाला. १८६८ च्या राज्यक्रांतीनंतर येशूसंघीयांना स्पेन सोडावे लागले. विन्येस प्रथम फ्रान्समध्ये गेले आणि १८७० साली हवानाला येऊन पोहोचले. बेलेनची वेधशाळा त्यांच्याआधीच स्थापन झाली होती, तेथे नोंदींच्या वह्या होत्या. त्या वह्यांना विन्येस यांनी बोलते केले. पहाटेपासून रात्रीपर्यंत वायुभार, वारा, तापमान आणि ढगांची चाल यांची नोंद ते स्वतः करीत. वादळ होऊन गेल्यावर ते स्वस्थ बसत नसत, उद्ध्वस्त गावे हिंडून वाऱ्याने काय केले ते टिपून आणीत. पडलेले झाड कोणत्या दिशेला पडले आहे, यावरून त्या स्थळी वारा कोठून आला ते कळते, आणि अशी अनेक स्थळे नकाशावर मांडली की वादळाचा मार्ग उमटतो.

त्यांच्यापूर्वीही या विषयाचे काही शास्त्र उभे राहिले होते. 'सायक्लोन' हा शब्द आपल्याच देशात घडला. कोलकात्यात राहणारे हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात सर्पाच्या वेटोळ्यावरून तो बनवला. परंतु पिडिंग्टन यांचा वाचक म्हणजे भर समुद्रातला कप्तान. वादळात सापडल्यावर जहाज कोणत्या बाजूला वळवावे हे त्याला हवे होते. विन्येस यांच्यापुढे वळता न येणारी वस्तू होती, ती म्हणजे घर. म्हणून वादळ दूर असतानाच ते ओळखणे भाग होते, आणि त्यांना ते आकाशात सापडले. वादळाच्या खालच्या थरातील वारा मध्याकडे फिरत आत येतो, तर फार उंचीवर तोच वारा बाहेर फेकला जातो. त्या उंचीवर पिसांसारखे पांढरे ढग पसरतात. क्यूबातील लोक अशा ढगांना कोंबड्याचे शेपूट म्हणत आले होते. ही पिसे क्षितिजावरील ज्या बिंदूतून फुटल्यासारखी दिसतात त्या दिशेला वादळाचा मध्य असतो, हे विन्येस यांनी वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून ठरवले. त्यांच्या जोडीला चंद्राभोवतीचे खळे, विटेच्या रंगाचा सूर्यास्त, वारा नसताना किनाऱ्यावर येणाऱ्या लांब लाटा आणि वायुभारमापकातील पाऱ्याची हळूहळू सुरू झालेली घसरण. कोळ्यांच्या म्हाताऱ्यांना यातील बरेचसे ठाऊक असणार. फादरांनी त्या जुन्या जाणिवेला वेळ आणि दिशा दिली.

१८७५ नंतर हवानातील व्यापारी, जहाज कंपन्या आणि तारायंत्र कंपन्या त्यांच्या मदतीस आल्या. शेजारच्या बेटांवरून निरीक्षणे तारेने बेलेनला येऊ लागली. जेथे तार नव्हती अशा खेड्यांपर्यंत घोडेस्वार सूचना नेत. ज्या बेटांवरील चर्चमध्ये वादळाच्या महिन्यांत मिस्साविधीत वादळनिवारणाची खास प्रार्थना म्हणण्याचा प्रघात होता, तेथेच एका धर्मगुरूने आयुष्याची तेवीस वर्षे पाऱ्याच्या नळीसमोर काढली. या दोहोंत विसंगती आहे असे त्या काळी कोणाला वाटल्याचे दिसत नाही, आणि मलाही वाटत नाही. आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत त्यांनी वादळांच्या गतीविषयीचा आपला शेवटचा ग्रंथ लिहिला. २३ जुलै १८९३ रोजी त्यांचे निधन झाले आणि ग्रंथ १८९५ मध्ये निघाला. त्याच काळात मनिला येथे फादर फेदेरिको फाउरा यांनीही १८७९ साली वादळाची आगाऊ सूचना दिली. पुढे त्यांनी फिलिपाइन्ससाठी असा वायुभारमापक तयार केला की काटा तबकडीच्या कोणत्या भागात आहे एवढे पाहून साध्या माणसालाही पुढच्या हवेचा अंदाज यावा.

आता कथेची दुसरी बाजू पाहू. १३ सप्टेंबर १८७५ चे ते वादळ क्यूबावरच थांबले नाही. मेक्सिकोचे आखात ओलांडून १६ तारखेला ते टेक्ससच्या किनाऱ्यावरील इंडियानोला या बंदरावर गेले. शेकडो माणसे बुडाली. शहर सावरत असताना १८८६ मध्ये दुसरे वादळ आले आणि त्यानंतर ते बंदर कायमचे ओस पडले. त्याच किनाऱ्यावर, वाळूच्या एका लांबट बेटावर, गॅल्व्हेस्टन हे त्याहून श्रीमंत शहर होते. इंडियानोलाचे हाल पाहून तेथे समुद्रभिंतीची भाषा झाली, पण भिंत झाली नाही. सरकारी हवामान खात्याचे तेथील अधिकारी आयझॅक क्लाइन यांनी १८९१ साली स्थानिक वृत्तपत्रात लेख लिहून गॅल्व्हेस्टनला वादळाच्या लाटेपासून गंभीर धोका असल्याची कल्पना खुळेपणाची ठरवली. शहराची सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून नऊ फूटही नव्हती. पाणी रस्त्यावर येण्याची लोकांना सवय होती. घरे खांबांवर चार फूट उचललेली असत आणि तेवढी तयारी पुरेशी आहे असे वाटत असे.

१८९८ च्या युद्धानंतर क्यूबा अमेरिकेच्या ताब्यात आले होते. हवानात आता दोन वेधशाळा होत्या. एक अमेरिकन हवामान खात्याची आणि दुसरी बेलेनची, जिथे विन्येस यांच्या गादीवर फादर लोरेन्सो गांगोइती बसले होते. अमेरिकन खात्याला क्यूबातील मंडळींची भाकिते भावनाप्रधान आणि लोकांना उगाच घाबरवणारी वाटत. ऑगस्ट १९०० च्या अखेरीस त्या खात्याने वजन खर्च करून हवामानविषयक तारा क्यूबातून पाठवण्यास बंदी घडवून आणली. काही दिवसांतच एक वादळ क्यूबावरून गेले. वॉशिंग्टनचा अंदाज होता की ते फ्लॉरिडावरून वळून अटलांटिकमध्ये निघून जाईल. गांगोइती यांचे मत असे होते की ते आखातात शिरून, बळ धरून टेक्ससकडे जाईल. पंचवीस वर्षांपूर्वीचा तोच मार्ग! त्यांचे मत गॅल्व्हेस्टनला पोहोचले नाही.

शुक्रवारी, ७ सप्टेंबरला, गॅल्व्हेस्टनमध्ये बावटा चढला, पण तो साध्या वादळाचा. शनिवारी सकाळी मुले रस्त्यावरच्या पाण्यात खेळत होती आणि हौशी मंडळी लाटा पाहण्यासाठी किनाऱ्यावर जात होती. दुपारनंतर पूल तुटले आणि बेट सोडण्याचा मार्ग राहिला नाही. रात्री समुद्र पंधरा फुटांहून अधिक चढला. घर तरंगून वाहून जाऊ नये म्हणून कित्येकांनी कुऱ्हाडीने आपल्याच घराची जमीन फोडून पाणी आत घेतले. घराच्या तयारीचा याहून हताश प्रकार मला ठाऊक नाही. स्वतः क्लाइन यांचे घर मजबूत म्हणून नावाजलेले होते आणि सुमारे पन्नास माणसे तेथे आसऱ्याला आली होती. वाहून आलेल्या ट्रामच्या पुलाच्या सांगाड्याने ते घर पाडले. बरेचसे बुडाले, त्यांत क्लाइन यांच्या पत्नीही होत्या.

शहराच्या पश्चिमेस, अगदी समुद्रकाठी, शब्ददेहधारी ख्रिस्ताच्या नावे असलेल्या धर्मभगिनींचे सेंट मेरी अनाथालय होते. पीतज्वराच्या साथींपासून मुले दूर राहावीत म्हणून ते शहराबाहेर, मोकळ्या हवेत नेलेले होते. तेथे दहा धर्मभगिनी आणि ९३ मुले होती. पाणी वाढू लागताच त्यांनी मुलांना दोन इमारतींपैकी अधिक भक्कम असलेल्या इमारतीत, मुलींच्या वसतिगृहात, नेले. मुले घाबरू नयेत म्हणून त्यांच्याकडून फ्रेंच कोळ्यांचे एक जुने मरियागीत गाऊन घेतले. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आणून प्रत्येकीने काही मुले आपल्या कमरेला बांधून घेतली. इमारत कोसळली. तीन मुलगे एका झाडाला धरून वाचले. बाकीची ९० मुले आणि दहाही भगिनी गेल्या. त्यांतल्या काहींचे देह सापडले तेव्हा मुले दोरीने बांधलेलीच होती. तो दिवस होता ८ सप्टेंबर, पवित्र मरियेचा जन्मदिन. आपल्याकडे त्याच दिवसांत वांद्र्याच्या जत्रेची गर्दी असते.

मृतांचा आकडा कोणी सहा हजार सांगतो, कोणी आठ, कोणी बारा हजारांपर्यंत नेतो. साधारण अडतीस हजार वस्तीच्या शहरातली ही हानी आहे. सुमारे ३,६०० घरे नाहीशी झाली. क्यूबाच्या तारांवरची बंदी त्यानंतर थोड्याच दिवसांत उठली. गांगोइती यांची तार वेळेवर गेली असती तर सारे वाचले असते असे म्हणणे धाडसाचे होईल. पण दोन दिवसांत आगगाड्यांनी पुष्कळ माणसे बेटाबाहेर काढता आली असती, निदान ती मुले.

या शहराने पुढे जे केले ते मात्र अचंबित करणारे आहे. १९०२ मध्ये समुद्रभिंतीचे काम सुरू झाले आणि १९०४ मध्ये सतरा फूट उंचीची भिंत उभी राहिली. पण भिंतीमागचे शहर खोलगटच होते. म्हणून सारे शहरच वर उचलायचे ठरले. १९०३ ते १९११ या काळात दोन हजारांहून अधिक इमारती स्क्रूच्या जॅकवर उचलल्या गेल्या आणि त्यांच्या खाली बंदराच्या तळातील वाळू पाण्यासह नळांनी आणून ओतली गेली. तीन हजार टन वजनाचे सेंट पॅट्रिक चर्च सातशे जॅक लावून पाच फूट उचलले. इतकी वर्षे लोक फळ्यांच्या उंच पायवाटांवरून ये-जा करीत राहिले. खाऱ्या गाळाखाली बागा आणि झाडे मेली. भरावाचा खर्च सार्वजनिक पैशातून झाला, पण घर उचलण्याचा खर्च ज्याचा त्याने सोसला. पुढे १९१५ मध्ये तेवढ्याच ताकदीचे वादळ आले तेव्हा भिंतीआड फार थोडी माणसे दगावली.

गॅल्व्हेस्टनजवळ पैसा होता. क्यूबाला तो नव्हता, आणि तेथील वाट वेगळी निघाली. ऑक्टोबर १९६३ मध्ये फ्लोरा नावाचे वादळ त्या बेटावर कित्येक दिवस घोटाळत राहिले आणि हजाराहून अधिक माणसे पुरात गेली. त्यानंतर तेथे नागरी संरक्षणाची बारीक व्यवस्था उभारली गेली. प्रत्येक वस्तीत कोणाचे घर कच्चे, कोणाचे पक्के, कोण अंथरुणाला खिळलेले, कोण गरोदर, याची नोंद असते. १९८६ पासून हंगामापूर्वी देशभर त्याचा सराव होतो. वादळाची सूचना आली की हलवलेल्या माणसांपैकी बहुसंख्य सरकारी निवाऱ्यात जात नाहीत, ती नातलगाच्या किंवा शेजाऱ्याच्या पक्क्या घरी जातात. त्या राजवटीविषयी ख्रिस्ती माणसाला बोलण्यासारखे पुष्कळ आहे. १९६१ मध्ये तिने येशूसंघीयांना देशाबाहेर घालवले, बेलेन महाविद्यालय काढून घेतले आणि फादर विन्येस यांची परंपरा हवानात संपली. महाविद्यालय मायामीत पुन्हा सुरू झाले. ती राजवट चालवणारे फिदेल कास्त्रो १९४५ साली बेलेनमधूनच शिकून बाहेर पडले होते. इतिहास असे टोमणे मारतो. तरीही वादळात माणसे वाचवण्याच्या कामी क्यूबाने मोठमोठ्या श्रीमंत देशांना मागे टाकले, हे मान्य केले पाहिजे.

आपल्या किनाऱ्याकडे वळतो. फादर विन्येस यांचे भाकीत छापून आले त्याच १८७५ साली भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली. १८६४ च्या कोलकात्याच्या भीषण वादळाचा त्यामागे मोठा वाटा होता. अरबी समुद्र बंगालच्या उपसागरापेक्षा शांत म्हणून आपण निर्धास्त राहिलो. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान आले, ३ जून २०२० रोजी निसर्ग आले, मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला समांतर वर गेले. निसर्गच्या वेळी सूचना आधी मिळाली होती, रायगडातील हजारो माणसे हलवली गेली आणि म्हणून प्राणहानी थोडी झाली. घरांची गोष्ट वेगळी. श्रीवर्धन, दिवेआगरच्या वाड्यांतील नारळी-पोफळी आडव्या झाल्या, कौले आणि पत्रे पानांसारखे उडाले. माणसे पक्क्या शाळेत किंवा शेजारच्या स्लॅबच्या घरात गेली म्हणून वाचली.

आपल्या भागात चर्च म्हणजे आसरा, असे पिढ्यान्‌पिढ्या मानले जाते. भिंती दगडी, दोन-अडीच हात जाड. परंतु १६१८ च्या मे महिन्यात वसई-मुंबईच्या किनाऱ्यावर जे वादळ आले त्याची हकिकत जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. त्यात असंख्य झाडे उन्मळली आणि वसईतील चर्चची छपरे उडाली. यंदा मे महिन्यात आमच्या धर्मग्रामातील तरुणांनी वाडीवार फिरून स्लॅब असलेल्या घरांची यादी केली. कोणाच्या माडीवर किती माणसे मावतील, किल्ली कोणाकडे आणि जिना चढू न शकणारी म्हातारी माणसे कोणत्या घरी आहेत, हे तीत लिहिले आहे. शाळेची नवी इमारत यादीत आहे. चर्च नाही. त्याचे छप्पर अजून कौलारू आहे.